पान्याच्या खुणेचा पोर्ट

प्रति,
माननीय सचिव,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली



देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा आज मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल इथल्या इमारतींत खोक्यांतून नवे सर्व्हर निघतात, रॅकमध्ये चढतात, वीज आणि नेटवर्कला जोडले जातात. या धावपळीत एक काम असे आहे, ज्याचा निविदेत क्वचितच उल्लेख असतो आणि ज्यासाठी वेळही कोणी वेगळा धरत नाही. सर्व्हरच्या व्यवस्थापनासाठी असलेल्या पोर्टवर कारखान्याने जी नेटवर्क सेटिंग्ज भरून पाठवलेली असतात, ती त्या जागेसाठी बहुतेकदा चुकीची असतात. एकेका यंत्रापाशी जाऊन ती नीट करावी लागतात. हे काम राहून गेले, तर फायरवॉल कितीही भारी असो, तिला बगल देऊन थेट सर्व्हरच्या मुळाशी पोचता येते.

हे काम तंत्रज्ञाच्या माथी न मारता कारखान्यातच संपले पाहिजे. तसा नियम करण्याचा अधिकार आपल्या मंत्रालयाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे.

रॅकमधल्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरच्या मदरबोर्डवर आणखी एक लहान संगणक बसवलेला असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे बीएमसी म्हणतात. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ म्हणते, लेनोव्होकडे तो एक्सक्लॅरिटी कंट्रोलर आहे. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, आणि सहसा नेटवर्कचा पोर्टही वेगळा. डेलच्या यंत्रांवर हा पोर्ट मागच्या बाजूला पान्याच्या खुणेने ओळखू येतो. पॉवर कॉर्ड लावली की बीएमसी जागा होतो, सर्व्हर बंद असला तरीही. त्याच्यामार्फत सर्व्हर चालू-बंद करता येतो, दूर बसून त्याचा स्क्रीन पाहता येतो, बायोस बदलता येतो, आभासी सीडी जोडून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकता येते. रात्री अडीच वाजता सर्व्हर अडकला तर डोंबिवलीत राहणाऱ्या इंजिनिअरला महाप्याला धावावे लागत नाही, ते या यंत्रणेमुळेच. तिची उपयुक्तता वादातीत आहे. पण तिच्यातून जे काही केले जाते ते ऑपरेटिंग सिस्टिमला दिसत नाही, आणि त्या सिस्टिमवरच्या अँटिव्हायरसलाही नाही. म्हणूनच ही यंत्रणा कोणत्या नेटवर्कवर उभी आहे, हा प्रश्न इतका महत्त्वाचा.

आता कारखाना तिला कसा पाठवतो ते पाहावे. डेलच्या आयड्रॅकचा पत्ता वर्षानुवर्षे १९२.१६८.०.१२०, युजर ‘रूट’ आणि पासवर्ड ‘कॅल्विन’ असा ठरलेला होता. लेनोव्होच्या कंट्रोलरला नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून दोन मिनिटांत पत्ता मिळाला नाही तर तो १९२.१६८.७०.१२५ घेऊन बसतो. सुपरमायक्रोच्या यंत्रांवर २०१९ संपेपर्यंत युजर ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’. मोठ्या कंपन्यांनी मिळून उभ्या केलेल्या ओपनबीएमसी या मुक्त प्रकल्पातही सगळ्यांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड घालून दिला गेला. यातले काहीच गुपित नाही. सगळे माहितीपुस्तिकांत छापलेले आहे आणि शोधणाऱ्याला क्षणात सापडते.

पासवर्डबद्दल निदान बोलले तरी जाते. नेटवर्कच्या सेटिंगबद्दल कोणी बोलत नाही, आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे.

एकाच पत्त्याचे वीस सर्व्हर एका स्विचवर एकदम लावले की काय होते? वीसही जण एकाच नावाच्या हाकेला ओ देतात. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर समोर आलेले पान तिसऱ्या यंत्राचे आहे की अकराव्या, हे सांगता येत नाही. थोड्या वेळाने तोच पत्ता दुसऱ्याच यंत्राकडे नेतो. अशा वेळी एका सर्व्हरला दिलेली ‘बंद हो’ ही आज्ञा दुसऱ्याला जाऊन पोचू शकते. तो दुसरा नवा असेल तर फक्त वेळ जातो. त्याच्यावर कोणाचा डेटाबेस चालू असेल तर काम थांबते.

याहून घातक सेटिंग म्हणजे फेलओव्हर. सुपरमायक्रोच्या बोर्डांवर बीएमसीच्या नेटवर्कसाठी तीन पर्याय असतात. ० म्हणजे डेडिकेटेड, फक्त स्वतःचा पोर्ट. १ म्हणजे शेअर्ड, सर्व्हरच्या पहिल्या लॅन पोर्टमधूनच. २ म्हणजे फेलओव्हर: चालू होताना स्वतःच्या पोर्टला केबल दिसली तर तो पोर्ट, नाहीतर सर्व्हरचा पहिला पोर्ट. कारखान्यातून ही यंत्रे या तिसऱ्या पर्यायावर येतात. म्हणजे व्यवस्थापनाच्या पोर्टला कोणी केबलच लावली नाही, तर बीएमसी मुकाट्याने रोजच्या कामाच्या नेटवर्कवर उतरतो आणि तिथल्या डीएचसीपीकडून पत्ता घेतो. ऑफिसातल्या प्रत्येक डेस्कटॉपला, प्रिंटरला, पाहुण्याच्या लॅपटॉपला तो दिसू लागतो. ज्या होस्टिंगच्या जाळ्यात डीएचसीपीच सार्वजनिक पत्ते वाटतो, तिथे तो थेट इंटरनेटवर उभा राहतो. केबल लावलेली असली तरी धोका पूर्ण टळत नाही. वीज जाऊन परत आली, सर्व्हर आधी जागा झाला आणि व्यवस्थापनाचा स्विच मागाहून, तर त्या क्षणी बीएमसीला स्वतःचा पोर्ट मेलेला दिसतो. पावसाळ्यात वीज किती वेळा झटके खाते, हे तालुक्याच्या गावी सर्व्हर चालवणाऱ्या कोणालाही विचारावे.

‘व्यवस्थापनाचा पोर्ट आपण वापरतच नाही, मग तो नीट कशाला करायचा’ असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. न वापरलेला पोर्टच या सेटिंगमुळे सर्वांत उघडा पडतो.

दुरुस्तीचे काम कसे असते तेही आपल्यासमोर यावे. तंत्रज्ञ रॅकच्या मागच्या बाजूला, गरम हवेच्या गल्लीत उभा असतो. पंख्यांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. एका हातावर लॅपटॉप, दुसऱ्या हातात पॅच कॉर्ड. लॅपटॉपला आधी त्याच पट्ट्यातला पत्ता हाताने द्यायचा, समजा १९२.१६८.०.१०, मग कॉर्ड सर्व्हरच्या पोर्टमध्ये, मग ब्राउझर, मग ‘हे प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही’ हा इशारा ओलांडून लॉगिन. पत्ता माहीत नसेल तर सर्व्हर पुन्हा सुरू करून सेटअपमध्ये शिरायचे: डेलवर एफ२, एचपीईवर एफ९, लेनोव्होवर एफ१, सुपरमायक्रोवर डिलीट. सुपरमायक्रोच्या त्या पानावर ‘लॅन कॉन्फिगरेशन अपडेट करायचे का’ या ओळीला आधी ‘होय’ म्हटल्याशिवाय खालचे रकाने बदलतच नाहीत. ज्याला हे ठाऊक नसते त्याची त्या पानावर अर्धा-अर्धा तास झटापट चालते.

सर्व्हरवर लिनक्स चालू असेल तर आतूनही वाट आहे. आयपीएमआयटूल या आज्ञावलीने ‘लॅन प्रिंट १’ म्हटले की सध्याची सेटिंग्ज समोर येतात. तो १ म्हणजे चॅनेलचा क्रमांक, आणि तो सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर १ नसतो. पत्त्याचा स्रोत आधी स्टॅटिक करायचा, मग पत्ता, मग नेटमास्क, मग गेटवे. क्रम चुकला तर पत्ता बसत नाही. नेटमास्क विसरला तर जुनाच राहतो. गेटवे ०.०.०.० राहिला तर बीएमसी शेजारच्या यंत्राला उत्तर देतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कंट्रोल रूमला देत नाही; मग केबल खराब, स्विच खराब, असे सगळे तपासून झाल्यावर खरे कारण हाती लागते. व्हीलॅनचा आकडा चुकला तर पोर्टवरचे दिवे नीट लुकलुकतात आणि पलीकडून काहीच येत नाही. शेवटी बीएमसी रिसेट करायचा. त्या वेळी मूळ सर्व्हर चालूच राहतो, पण बऱ्याच यंत्रांवर पंखे पूर्ण वेगाने किंचाळतात आणि नवखा माणूस घाबरून केबल उपटतो.

हे काम जाणणारी मुले हुशार आणि मेहनती आहेत. पण त्यांच्या शिफ्टच्या शेवटच्या तासात, बत्तिसाव्या सर्व्हरवर, ग्राहकाचा फोन वाजत असताना एक रकाना राहून जाणे हा त्यांचा दोष मानता येत नाही. जी सेटिंग मुळात चुकीची पाठवली गेली, तिची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे.

ही निव्वळ शंका नाही, हे गेल्या बारा-तेरा वर्षांच्या नोंदींवरून दिसते. बीएमसीशी बोलण्याची आयपीएमआय ही प्रमाणभाषा इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८मध्ये आणली. तिची दुसरी आवृत्ती २००४ची. डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने २०१३मध्ये तिच्यातली भोके जगासमोर मांडली. यूडीपीच्या ६२३ क्रमांकाच्या पोर्टवर कोणीही नुसते युजरचे नाव सांगून विचारले, तर बीएमसी ओळख पटण्याआधीच त्या युजरच्या पासवर्डवरून तयार केलेला हॅश समोरच्याला देऊन टाकतो. हॅश घेऊन घरी बसून पासवर्ड फोडत राहायचे. हा दोष एखाद्या कंपनीच्या निष्काळजीपणातून आलेला नाही, तो त्या प्रमाणातच आहे. पॅच टाकून तो जात नाही. काही यंत्रांवर ‘सायफर झिरो’ नावाचा पर्याय चालू असायचा. त्यात युजरचे नाव बरोबर असले की कोणताही पासवर्ड चालत असे. जुलै २०१३मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्टने याबद्दल जाहीर इशारा दिला.

पुढच्याच वर्षी, जून २०१४मध्ये, सुपरमायक्रोच्या ३१,९६४ यंत्रांचे पासवर्ड इंटरनेटवरून साध्या मजकुरात वाचता येतात असे उघड झाले. त्यातल्या ३,२९६ यंत्रांवर कारखान्यातला मूळ पासवर्ड जसाच्या तसा होता. दहातल्या एका यंत्रापाशी दुरुस्तीसाठी कोणी पोचलेच नव्हते. २०१८च्या अखेरीस जंगलसेक नावाच्या खंडणीखोर व्हायरसच्या बातम्या आल्या. हल्लेखोर बीएमसीतून शिरले, त्यांनी सर्व्हर सिंगल युजर मोडमध्ये पुन्हा चालू केला, रूटचा ताबा घेतला आणि फाइली कुलूपबंद केल्या. डिसेंबर २०२१मध्ये इराणमधल्या एका सुरक्षा कंपनीने एचपीच्या आयएलओच्या आत दडून बसलेला घुसखोर प्रोग्रॅम शोधून काढला. डिस्क पुसून सिस्टिम नव्याने टाकली तरी तो जागचा हलत नव्हता.

जून २०२३मध्ये अमेरिकेच्या सिसा या संस्थेने तिथल्या केंद्रीय नागरी खात्यांना बंधनकारक आदेश दिला: इंटरनेटवर उघडा असलेला व्यवस्थापनाचा कोणताही दरवाजा आढळला की १४ दिवसांत तो इंटरनेटवरून काढा, नाहीतर कडक पडताळणीच्या आड ठेवा. आयएलओ आणि आयड्रॅक यांची नावे त्या आदेशात आहेत. आणि जून २०२५मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी-सॉफ्टवेअरमधला लॉगिन चुकवण्याचा दोष ‘प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात असलेल्या’ दोषांच्या सिसाच्या यादीत गेला. तो यादीत पोचलेला बीएमसीचा पहिलाच दोष. मेगारॅक अनेक कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये असते, त्यामुळे पुढच्या पॅनेलवर नाव कोणाचेही असले तरी आतला दोष तोच निघू शकतो. अशा दिवशी पासवर्ड किती लांब आहे याने काही फरक पडत नाही. पोर्ट कोणत्या नेटवर्कवर आहे, एवढेच कामाला येते.

नियमाने फरक पडतो याचा पुरावाही आहे. कॅलिफोर्नियाने २०१८मध्ये कायदा केला: जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाचा पासवर्ड वेगळा असावा, नाहीतर पहिल्या वापरालाच तो बदलायला लावावा. १ जानेवारी २०२० रोजी तो लागू झाला आणि सुपरमायक्रोने ‘ॲडमिन-ॲडमिन’ सोडून प्रत्येक बोर्डावर वेगळा पासवर्ड छापायला सुरुवात केली. जे इशारे आणि शोधनिबंध यांनी कित्येक वर्षांत झाले नाही, ते एका राज्याच्या कायद्याच्या तारखेने झाले. त्या कायद्याची मर्यादा अशी की तो पासवर्डपाशी थांबला. फेलओव्हर आहे तिथेच राहिला. आणि वेगळ्या पासवर्डचेही पुढे काय होते? तो सर्व्हरच्या दर्शनी बाजूला ओढून काढायच्या पट्टीवर छापलेला असतो. घाईत त्या पट्ट्यांचे फोटो काढले जातात, व्हॉट्सॲपच्या गटात पडतात आणि प्रकल्प संपल्यावरही तिथेच राहतात.

आता आपल्या मंत्रालयाकडे येऊ. संगणक आणि सर्व्हर ज्या वर्गात मोडतात, त्या स्वयंचलित डेटा प्रक्रिया यंत्रांना भारतात विकण्याआधी भारतीय मानक ब्युरोकडे सक्तीची नोंदणी करावी लागते. ही तपासणी मुख्यतः विजेच्या सुरक्षेची आहे: शॉक बसू नये, आग लागू नये. पण याच नोंदणीच्या आदेशात आपल्या मंत्रालयाने एप्रिल २०२४मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या अटी घातल्या आणि एप्रिल २०२५पासून त्या लागू केल्या. सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याला जी शिस्त लागू आहे, ती जिल्हा बँकेच्या सर्व्हरला नसावी याला कोणतेही समर्थन नाही. वाट तयार आहे, तिच्यावरून फक्त बीएमसीला न्यायचे आहे.

अटी फार लागत नाहीत. व्यवस्थापनाचे नेटवर्क कारखान्यातून डेडिकेटेड पोर्टवरच बांधून यावे. सर्व्हरच्या कामाच्या पोर्टवर ते आपोआप कधीही सरकू नये. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलल्याशिवाय पुढे काहीच चालू नये. नेटवर्कवरून चालणारे आयपीएमआय बंद असावे, ज्याला हवे त्याने ते जाणूनबुजून चालू करावे. २०१५पासून रेडफिश हे नवे प्रमाण उपलब्ध आहे आणि सगळ्या मोठ्या कंपन्या ते देतात, त्यामुळे काम अडण्याचे कारण नाही.

घड्याळाचीही एक अट हवी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि यंत्रणांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. ऑपरेटिंग सिस्टिमचे घड्याळ लोक जुळवतात, बीएमसीचे राहून जाते. मग चौकशीच्या वेळी ज्या नोंदींतून सर्व्हर कोणी आणि कधी बंद केला ते कळायचे, त्यांवर तारखेच्या जागी ‘प्री-इनिट’ असा शेरा किंवा १९७० हे साल सापडते. घुसखोर रात्री आला की भरदिवसा, हेसुद्धा मग सांगता येत नाही.

कंपन्यांचा एक आक्षेप खरा आहे आणि तो ऐकला पाहिजे. हजारो सर्व्हर एकदम उभे करणाऱ्याला प्रत्येक यंत्रापाशी जाऊन पासवर्ड बदलणे परवडत नाही. मात्र असे मोठे ग्राहक आपली सेटिंग्ज कारखान्यातच भरून घेऊ शकतात. ती सेवा कंपन्या आजही विकतात. ती परवडत नाही ती पतसंस्थेला, नगरपरिषदेला, दोन सर्व्हर घेणाऱ्या कॉलेजला. त्यांच्याकडे पुरवठादार येतो, सर्व्हर चालू करून दाखवतो, चलनावर सही घेतो आणि जातो. पान्याच्या खुणेच्या पोर्टला कोणी हातही लावलेला नसतो. नियम त्यांच्यासाठी हवा आहे.

मे २०२३मध्ये केंद्र सरकारने हार्डवेअर उत्पादनाच्या प्रोत्साहन योजनेच्या दुसऱ्या टप्प्याला १७,००० कोटी रुपये मंजूर केले. त्यात सर्व्हर आहेत. आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘रुद्र’ हा सर्व्हर देशात रचला. सप्टेंबर २०२४मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या परम रुद्र महासंगणकांपैकी एक पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी काम करतो. म्हणजे हा विषय आता फक्त परदेशी कंपन्यांना सांगायचा राहिलेला नाही. सरकारी पैशाने आणि सरकारी नावाने जे सर्व्हर बनतील, ते तरी पहिल्या दिवसापासून या अटींवर बाहेर पडावेत.

सचिव महोदय, सक्तीच्या नोंदणीच्या पुढच्या दुरुस्तीत सर्व्हरच्या बीएमसीचा समावेश करावा आणि त्या अटींचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला करावा. मसुदा येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. एनआयसीच्या आणि राज्यांच्या डेटा सेंटरमधल्या प्रत्येक सर्व्हरचा व्यवस्थापन-पोर्ट कोणत्या नेटवर्कवर आहे, त्याच्यावर कारखान्यातला पत्ता आणि पासवर्ड अजून आहे का, याची तपासणी या आर्थिक वर्षातच करून घ्यावी आणि किती यंत्रे दुरुस्त करावी लागली तो आकडा जाहीर करावा, ही आग्रहाची विनंती.